डोंगराकडची बाजू

माझ्या मामाला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते खालून. बदलीचा हुकूम घेऊन मी त्या डोंगरावरच्या राजधानीत उतरले तेव्हा तो मला न्यायला आला होता. बस थांबते ती जागा उताराची, आणि मामा उताराच्या वरच्या अंगाला एका दगडावर पाय रोवून उभा होता. मी पिशव्या घेऊन त्याच्याकडे निघाले, तर त्यानं हातानंच मला थांबवलं आणि स्वतः आला. पण सरळ आला नाही. वरच्या कडेकडेनं, वळसा घालून असा आला की माझ्यापाशी पोचला तेव्हाही त्याची टाळू माझ्या टाळूच्या वर होती. मला वाटलं, वय झालं, चाल वाकडी झाली. आठवडाभरात कळलं की चाल वाकडी नव्हती, हिशेबी होती.

मामा बुटका. हे वाक्य मी इथे बिनधास्त लिहितेय, कारण मी आता त्या गावात राहत नाही. तिथे ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी म्हणत नव्हतं.

आधी गाव सांगायला हवं, नाहीतर मामा कळायचा नाही. कोणे एके काळी कोणाला तरी वाटलं की प्रांताचा कारभार उंचावरून करावा. हवा थंड असली की डोकी थंड राहतील, अशी त्यामागची भाबडी समजूत. म्हणून डोंगराच्या धारेवर राजधानी बसवली. बसवली कसली, टांगली. गाडी जाईल असा एकच रस्ता, तोही वळणं घेत घेत दमलेला. बाकी सगळ्या पायऱ्या आणि आडव्या गल्ल्या. सगळ्यात वर राज्यपाल, त्यांच्याखाली मुख्यमंत्री, मग मंत्री, मग सचिव, मग आम्ही कारकून, आणि पार तळाला बाजार, जिथे सगळ्यांना रोज उतरावंच लागतं. कोणाला बढती मिळाली की त्याचं बिऱ्हाड एक वळण वर चढायचं. "आमचे मोठे साहेब काल वर गेले," असं शिपायानं सांगितलं तेव्हा मी हातातला चहा ठेवून उभी राहिले आणि चेहरा पाडला. दुपारी त्याच साहेबांकडून मिठाई आली.

डावं-उजवं तिथे कोणाला कळत नाही. एक डोंगराकडची बाजू आणि एक दरीकडची बाजू. आडव्या गल्ल्या दरीकडे कललेल्या, त्यामुळे सांडपाणी, चिखल, भाजीचा पाला सगळं दरीकडच्या कडेनं वाहतं. गटारही त्याच बाजूला, आणि तेही नावाला. घराघरात लाकडी चकत्यांची एक पिशवी असते. खुर्ची आणली, लाव पायाखाली चकती. पलंग हलवला, काढ चकती. बाजारात हातातून लिंबू सुटलं तर ते पकडायला कोणी धावत नाही. ते जातं खाली. तिसऱ्या वळणावर चपलावाल्या काकांचं दुकान आहे, त्यांनी रस्त्याकडेला एक फळी आडवी लावून ठेवलीय, सगळं तिथे येऊन अडतं. लिंबं, कांदे, बटाटे, आणि एकदा एका आमदाराची टोपी. संध्याकाळी घरी जाताना बायका काकांच्या टोपलीतून आपापलं घेऊन जातात. आमदारानं टोपी न्यायला माणूस पाठवला होता.

अशा गावात उंची माणसाची नसते, तो कुठे उभा आहे त्या जागेची असते. हे मर्म ज्यानं सगळ्यात आधी ओळखलं तो माझा मामा. तो सरकारचा फोटोग्राफर होता. शपथविधी, पाहुणे, पुलाची उद्घाटनं, सगळे फोटो त्याचे. गावातली प्रत्येक जागा किती उंची देते हे त्याला तोंडपाठ होतं. बँकेची पायरी चार बोटं देते. पोस्टाचा कोपरा वीतभर देतो, पण तिथे उन्हात डोळे मिटतात. ग्रंथालयापुढचा चढ दिसायला नरम, पण नवऱ्यामुलाला नवरीच्या खांद्यावरून थेट डोक्यावर नेतो. मामा कॅमेरा लावायचा, एक डोळा मिटायचा आणि हातानं खुणावत म्हणायचा, "जरा वर." साहेब, जरा वर. काकू, तुम्ही नको, तुम्ही खालीच बऱ्या. त्यामुळे गावानं त्याचं नावच 'जरावर' ठेवलं होतं. एक अर्थमंत्री फार उंच होते. मुख्यमंत्र्यांपेक्षा उंच दिसलो तर खातं जाईल या भीतीनं ते आपणहून चिखलात उतरून उभे राहायचे. मामा त्यांचं फार कौतुक करायचा. म्हणायचा, माणसाला जागा कळली पाहिजे.

एकदा मी त्याला विचारलं होतं, हाच धंदा का धरलास. तेव्हा तो कधी नव्हे ते खरं बोलला. शाळेत उंचीप्रमाणे रांग लावायचे, आणि कितीही वर्ग चढला तरी हा आपला पहिला. "फोटो काढणारा फोटोत नसतो," तो म्हणाला आणि भिंग पुसायला लागला.

पण लग्नासाठी त्याला एकदा फोटोत यावं लागलं. मामी पार खालच्या मैदानी मुलखातली. तिच्याकडे पाठवलेल्या फोटोत मामा माझ्या आईशेजारी उभा आहे आणि तिच्यापेक्षा चांगला डोकंभर उंच दिसतोय. मुळात माझी आई त्याच्याहून उंच. तो फोटो कुठे काढला असेल ते आता तुम्हीही सांगाल. मामीचे वडील भेटायला वर आले तेव्हा मामा त्यांना एकतर बसलेला भेटला, नाहीतर पायऱ्यांवर. लग्नही पायऱ्या उतरत-चढतच झालं. मामीला नवरा पहिल्यांदा पायरीविना शेजारी उभा दिसला तो घरी, स्वयंपाकघरात. ती चांगली सहा बोटं उंच निघाली. माझी आई सांगते की सगळ्यांचा श्वास अडकला होता. मामीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग फडताळाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "बरं झालं. वरची फळी माझी, खालची तुमची." त्या दिवसापासून मसाल्याचे डबे वर आणि मामाचे फिल्मचे डबे खाली.

मामी पडदे शिवायची. तेही सरकारचेच. नवं मंत्रिमंडळ आलं की सगळ्यात आधी पडदे बदलतात, धोरणं नंतर. सगळ्या बंगल्यांत तिचं येणं-जाणं, आणि पडदा टांगायला तिला स्टूल लागत नसे. माप टेपनं कधी घेतलेलं मी पाहिलं नाही. दारात उभी राहून खिडकीकडे बघायची आणि मनातल्या मनात काहीतरी पुटपुटायची.

घरात मामाला उंचीचं काही वाटत नसे. प्रश्न दाराबाहेरचा होता. संध्याकाळी दोघं फिरायला निघायची आणि मी खिडकीतून हा सोहळा बघायची. चढताना मामा एक पायरी पुढे, उतरताना एक पायरी मागे. आडव्या गल्लीत मामा कायम डोंगराकडे आणि मामी दरीकडे, गटाराच्या काठानं. परत फिरताना बाजू बदलते, म्हणजे खरं तर मामी आता डोंगराकडे यायला हवी. पण तिथे मामाला दरवेळी काहीतरी व्हायचं. बुटाची नाडी सुटायची, नाहीतर पाठीमागे कोणी हाक मारल्यासारखं वाटायचं. तो थांबायचा, मामीच्या मागून वळसा घालायचा, आणि पुन्हा डोंगराकडे. मला तेव्हा चीड यायची. एकदा मामीला मी म्हटलंही, की हा माणूस तुला गटारात चालवतो. तिनं सुईत दोरा ओवला आणि मला दळण आणायला पाठवलं.

तर असा सगळा संसार उतारावर सुरळीत चालला असताना मामा निवृत्त व्हायची वेळ आली.

त्या गावात सपाट अशी एकच जागा आहे. विधानसभेपुढचं मैदान. डोंगराचं डोकं छाटून ते केलंय, आणि लोक त्याला नुसतं 'सपाटी' म्हणतात. तिथे लिंबू टाकलं तर ते आहे तिथेच राहतं. मुलांना हे दाखवायला रविवारी नेतात. गावकरी तिथे आले की नसलेली पायरी शोधत पाय उचलतात, त्यामुळे परेडला आमचे पोलीस फार रुबाबदार दिसतात. सरकारी रिवाज असा की जुना कर्मचारी निवृत्त झाला की राज्यपाल त्याचा सत्कार करतात, सपाटीच्या बरोबर मधोमध, आणि फोटो काढतात. मधे राज्यपाल नाहीत. मधे तो कर्मचारी आणि शेजारी त्याची बायको, किंवा नवरा. राज्यपाल कडेला. हा नियम कोणा भल्या माणसानं केला असेल, मामा मात्र त्याला शिव्या घालत होता.

जन्मभर ज्यानं दुसऱ्यांना तिथे उभं करून फोटो काढले, त्याला ती जागा पुरती ठाऊक होती. तिथे एक बोटसुद्धा उसनं मिळत नव्हतं.

त्यानं काय काय केलं नाही. आधी खात्यात जाऊन सुचवलं की पायऱ्यांवर उजेड चांगला असतो. खात्यानं सांगितलं की उजेड तुमच्यानंतर येणाऱ्या बाई बघतील. मग म्हणाला, मामीची तब्येत बरी नसते, ती काही येणार नाही. हे तो मोठ्यानं, मामी पडद्याच्या गठ्ठ्याआड बसलेली असताना म्हणाला. गठ्ठ्याआडून आवाज आला की तब्येत उत्तम आहे. त्याच आठवड्यात मामीनं बाजारातून एक खोकं आणलं आणि वरच्या फळीवर ठेवून दिलं. मी विचारलं, काय आहे. ती म्हणाली, सपाटीसाठी आणलंय.

शेवटी मामा चपलावाल्या काकांकडे गेला. दुकानात कोणी नाही असं बघून त्यानं त्यांना चार बोटं टाचेचे बूट करायला सांगितले. दोन बोटं तळव्याच्या आत, दोन बाहेर, वरून काही कळता कामा नये. काकांनी आयुष्यात पुष्कळ काही शिवलं होतं, त्यांनी काही विचारलं नाही. बूट झाले. मामानं दार लावून घरात ते घालून पाहिले. खोलीभर फिरला, आरशापुढे थांबला, आणि मला हाक मारून शेजारी उभं केलं. चेहरा असा उजळला होता की माझ्या तोंडून चेष्टेचा शब्द निघाला नाही. मी म्हटलं, छान दिसतोयस.

पण बूट सपाटीसाठी केले होते आणि सपाटीपर्यंत सपाट रस्ता नव्हता. हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही, मामाच्याही नाही आणि काकांच्याही नाही. उतारावर उंच टाच म्हणजे माणूस पुढेच झुकणार. दुसऱ्या दिवशी सराव म्हणून मामा ते बूट घालून बाहेर पडला. पहिल्या पाच-सहा पायऱ्या तो चालला. पुढच्या धावला. त्यानंतरचं वर्णन गावात निरनिराळ्या प्रकारे सांगतात, पण सगळ्यांचं एकमत असं की तो बसल्या स्थितीत तिसऱ्या वळणाला लागला आणि फळीला अडला. सोबत कोणाची तरी सहा-सात लिंबं होती. चपलावाले काका उठले, आधी त्यांनी आपण शिवलेल्या बुटांकडे निरखून पाहिलं, टाच शाबूत होती. मग मामाला हात दिला. "संध्याकाळपर्यंत थांबता का," त्यांनी विचारलं, "कोणी न्यायला येईल."

न्यायला मी आणि मामी गेलो. पाय चांगलाच मुरगळला होता. मामानं कण्हत कण्हत सांगितलं की आता सत्काराचं जमणार नाही, वाईट वाटतं, पण इलाज नाही. पलंगावर पाय उशीवर घेऊन तो इतका समाधानी पडला होता की मी त्याला पाणीसुद्धा आपटून दिलं. उद्याच खात्याला निरोप दे, तो मला म्हणाला.

मामीनं पायाला लेप लावला, पट्टी बांधली. मग वरच्या फळीवरचं खोकं काढलं आणि पलंगावर, त्याच्या पायाशी ठेवलं. आत पांढऱ्या चपला होत्या. दुधासारख्या, कोऱ्या.

"मी काही बोलणार नव्हते," मामी म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हापासून मी दरीकडून चालतेय. जाताना तुम्ही डोंगराकडे, परत फिरलो की तुमची नाडी सुटते, की पुन्हा तुम्ही डोंगराकडे. म्हटलं असू दे, एवढी एकच हौस आहे माणसाला. पाय धुतले की झालं. पण मला पांढऱ्या चपला फार आवडतात. इतक्या वर्षांत एकदा घातल्या नाहीत. गटाराच्या काठानं कोण घालेल? या गावात एकच जागा आहे जिथे मला तुमच्या शेजारी कोरड्या पायानं उभं राहता येईल. तिथे आपल्याला बोलावलंय, आणि तुम्ही पाय वर करून झोपलात."

मामा उठून बसला. मग हळूच म्हणाला, "तुला कळत होतं?"

"अहो, मी पडदे शिवते," मामी म्हणाली. "माझी नजर म्हणजे टेप आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही डोंगराकडून चालताना फार खूश दिसायचात."

मला तिथून निघून जायला हवं होतं, पण मी गेले नाही. मामाचे कान लाल झाले होते. तो म्हणाला, फोटो कायमचा राहील, सगळे बघतील. मामी म्हणाली की बघू देत, त्यांना त्यात नवीन काय दिसणार आहे. एवढं बोलून ती भात लावायला गेली. मामानं मला निरोपाचं काही पुन्हा सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

सत्काराच्या दिवशी तो आपल्या जुन्याच बुटांत, एका हातानं मामीचा खांदा धरून लंगडत सपाटीवर आला. अर्धं गाव जमलं होतं. कोणी हसलं नाही, पण सगळ्यांनी एकाच वेळी घसा साफ केला. नव्या फोटोग्राफर बाई खालच्या मोठ्या शहरात शिकून आलेल्या. त्यांनी तिपाई लावली, आणि दोघं मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मामा होता मामीच्या कानापर्यंत. ऊन स्वच्छ होतं आणि सगळं स्वच्छ दिसत होतं. बाईंनी विचारलं, असेच उभे राहणार का. मामाचा हात सवयीनं उठला, शब्द "जरा व..."पर्यंत आले आणि थांबले. चहूकडे कुठे वर नव्हतंच. त्यानं हात खाली घेतला आणि म्हणाला, "असेच."

राज्यपाल मोठे भले गृहस्थ आणि चांगले उंच. त्यांनी परिस्थिती पाहिली आणि मामाच्या बाजूला उभं राहताना सभ्यपणे गुडघ्यात थोडे वाकले. मामाला ते लगेच कळलं. इतकी वर्षं तो माणसांना हेच करताना भिंगातून बघत आला होता.

"साहेब, वाकू नका," तो म्हणाला. "सरळ उभे राहा. आम्ही आहोत तसे आहोत."

बाईंनी फोटो काढला. तो माझ्याकडे आहे. त्यात राज्यपाल ताठ आहेत, मामी समोर न बघता आपल्या पायांकडे बघतेय आणि मामाचे डोळे नेमके मिटलेले आहेत. जन्मभर दुसऱ्यांना डोळे उघडे ठेवा म्हणून सांगणारा माणूस. मी हसून हसून रडले, आणि मग नुसतीच रडले.

घरी परतताना सपाटी संपली आणि आमची आडवी गल्ली सुरू झाली. मी मागून येत होते. मामी दोन पावलं पुढे होती आणि सवयीनं दरीकडे निघाली होती, पांढऱ्या चपलांसकट. मामा थांबला. मला वाटलं, झालं, सुटली नाडी. तो लंगडत तिच्या मागून वळसा घालून गेला, पण या वेळी उलटा, आणि गटाराच्या काठाला जाऊन उभा राहिला. मग त्यानं तिच्या कोपराला हलकेच ढकलून तिला डोंगराकडे सरकवलं. पाच-सात पावलांत त्याचा बूट पाण्यात गेला आणि पचपच वाजायला लागला. एक लिंबू वरून घरंगळत आलं, त्याच्या पायाला लागून थबकलं आणि पुढे गेलं. दरीकडच्या कडेनं काय काय वाहत येतं हे तो पहिल्यांदाच बघत होता. खाली तिसऱ्या वळणावर चपलावाले काका दुकानाबाहेर येऊन उभे होते.

थोडं पुढे गेल्यावर मामानं मान वर केली आणि मामीकडे पाहिलं. ती आता त्याच्यापेक्षा चांगली डोकंभर वर होती.

"इथून तू फार उंच दिसतेस," तो म्हणाला.

"मी आहेच उंच," मामी म्हणाली, आणि तो घसरू नये म्हणून तिनं त्याचा दंड धरला.